‘समजलं का?’ : चांद्याच्या शाळेतल्या एका प्रश्नाचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप.

सुरुवातीलाच एक प्रश्न. मराठी शाळेत आजवर सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कोणता असेल? माझ्या मते तो आहे, ‘समजलं का?’ आणि त्याचं उत्तरही ठरलेलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, ‘होऽऽऽ!’

आता या ‘हो’मधून गुरुजींना काय कळलं? खरं सांगायचं तर काहीच नाही. ज्याला समजलं तो हो म्हणतो, ज्याला नाही समजलं तोही हो म्हणतो. आणि ज्याला ‘समजलं का’ या दोन शब्दांचाच अर्थ लागलेला नाही, तोही शेजाऱ्याचं बघून हो म्हणतो.

हा तिसरा मुलगा आजच्या भागात महत्त्वाचा आहे. कारण आज आपण जातोय जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत. शिकवलेलं पोरांच्या डोक्यात उतरलं की नाही, हे तपासायच्या पद्धती गेल्या पावणेदोनशे वर्षांत कशा बदलत गेल्या, आणि त्या कोणाच्या सोयीच्या होत्या, हे आपल्याला बघायचंय. हाच जिल्हा का? कारण इथे एकाच वर्गात घरी मराठी बोलणारं, झाडीबोली बोलणारं, गोंडी किंवा माडिया बोलणारं आणि सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारं मूल बसतं. तपासणीची पद्धत कुठे फसते, ते इथे लपत नाही.

परवचा आणि धूळपाटी

इंग्रजी राज्याच्या आधीपासून सुरुवात करू. मराठी मुलखात तेव्हा पंतोजींच्या शाळा होत्या. कोणाच्या ओसरीवर, कुठे देवळात. धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवायची. मग पाढे. नुसते दोन ते तीस नाहीत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. संध्याकाळी दिवेलागणीला मोठ्याने परवचा.

आपल्या विषयाच्या दृष्टीने परवचा म्हणजे काय? तर ती रोजची तपासणी. वेगळा कागद नाही, तारीख नाही, गुण नाहीत. मूल कुठे अडखळलं ते पंतोजीला कळायचं, आणि घरी म्हटलं तर आजीलाही कळायचं. चुकलं की तिथेच दुरुस्ती.

मोठ्या मुलाने लहानाकडून म्हणवून घ्यायचं, ही रीतही आपल्याकडच्या गावशाळांमध्ये होती. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासच्या अनाथाश्रमाच्या शाळेत होता. वाळूत अक्षरं गिरवणं त्याने तिथल्या देशी शाळेत पाहिलं, आपल्या शाळेत आणलं, आणि मोठ्या मुलांना धाकट्यांचे शिक्षक केलं. १७९७ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये त्यावर पुस्तक छापलं आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती तिकडे गाजली.

पण फार भारावून जायचं कारण नाही. परवच्यात तपासली जायची ती पाठांतराची ताकद. पावकी घडाघडा म्हणणाऱ्याला ‘पाव’ म्हणजे काय ते कळलंय की नाही, हे त्यातून कळत नव्हतं. आणि या शाळा होत्या ठराविक जातींच्या मुलांसाठी. अहेरीच्या जमीनदारीतल्या जंगलात राहणाऱ्या माडिया मुलाच्या वाट्याला ना पंतोजी आला, ना परवचा.

साहेब येणार आहेत!

१८५४ हे साल लक्षात ठेवा. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले, आणि दत्तक वारस नामंजूर करून कंपनीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. त्याबरोबर चांदाही इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी, जुलैमध्ये, चार्ल्स वुडचा शिक्षणाचा खलिता आला. प्रांतोप्रांती शिक्षण खातं काढा, शाळा तपासायला निरीक्षक नेमा, चांगल्या खाजगी शाळांना अनुदान द्या, असं त्यात होतं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि चांदा त्याचा एक जिल्हा झाला.

म्हणजे आपल्या गोष्टीत आता नवीन पात्र आलं. निरीक्षक. पुढे पोरांच्या भाषेत ‘साहेब’. तपासणी रोजची होती, ती आता वर्षातून एकदा-दोनदाची झाली. आणि ती करणारा माणूस मुलाला ओळखत नव्हता.

इंग्लंडमध्ये तेव्हा काय चाललं होतं बघा. १८६२ मध्ये रॉबर्ट लो याने नवा नियम आणला. शाळेला अनुदान किती, हे ठरणार मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, गणित यांच्या परीक्षेचा निकाल यावरून. निरीक्षक येणार, एकेका मुलाची परीक्षा घेणार, आणि नापास मुलामागे शाळेचे पैसे कापले जाणार. परिणाम काय झाला असेल? शिक्षकांनी पोरांकडून अख्खं वाचनपुस्तक पाठ करून घेतलं. साहेब कुठलंही पान उघडू दे, पोरगं वाचतंय असं वाटलं पाहिजे! मॅथ्यू आर्नल्ड हा कवी स्वतः शाळा-निरीक्षक होता. त्याने या पद्धतीवर कडाडून टीका केली. तरीही इंग्लंडला ती पूर्ण मोडीत काढायला १८९० चं दशक उजाडावं लागलं.

निकालावर अनुदान ही कल्पना हिंदुस्थानातही आली. शेजारच्या मुंबई इलाख्यात ती होती, आणि तिच्याविषयी एका मराठी माणसाने फार नेमकं मत दिलंय. महात्मा जोतीराव फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांचं म्हणणं असं होतं, की गरीब आणि निरक्षर वर्गांत शिक्षण पसरवायला ही पद्धत अजिबात उपयोगाची नाही. त्या लोकांत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही. तिथे निकालाच्या भरवशावर कोण शिक्षक शाळा काढेल? त्याचं पोट कसं भरेल? तिथे सरकारनेच शाळा काढली पाहिजे.

फुल्यांचा मुद्दा नीट ऐका. तपासणीला पैसा जोडला, की शाळा जिथे निकाल सोपा तिथेच उभी राहते. जिथे अवघड, तिथे कोणी जातच नाही. चांद्याच्या जंगलाचं वर्णन करायचं असतं तर याहून वेगळं काय म्हणावं लागलं असतं?

साहेब गेले, राज्य बदललं, पण ‘साहेब येणार’ ही भीती राहिली. शाळेत शेरेबुक असतं, त्यात साहेब शेरा लिहून जातात. हुशार पोरं पुढच्या रांगेत, कच्ची पोरं मागे, आणि फारच कच्ची असली तर त्या दिवशी घरी. तपासणीच्या दिवशी शाळेत काय तपासलं जात नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

शेजारच्या वर्ध्यात

१९३७ च्या ऑक्टोबरात, चांद्याला लागून असलेल्या वर्ध्यात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यातून डॉ. झाकीर हुसेन समिती आणि नई तालीम आली. ‘हस्तोद्योगातून शिक्षण’ हे आपल्याला माहीत असतं. पण परीक्षांबद्दल समितीने काय म्हटलं, हे सहसा कोणी सांगत नाही.

समितीचं म्हणणं होतं की चालू परीक्षापद्धतीने शिक्षणाचं नुकसानच केलंय. शाळांचं काम कसं चाललंय हे सरकारला बघायचंय ना? मग एखाद्या भागातल्या निवडक मुलांची नमुना तपासणी करा. आणि मुलाला वर चढवायचं की नाही, ते शाळेतल्या त्याच्या कामावरून शिक्षकांनी ठरवावं.

दोन वेगवेगळ्या कामांसाठी दोन वेगवेगळ्या तपासण्या. सरकारला चित्र हवंय, त्यासाठी नमुना पुरतो. शिक्षकाला उद्या काय शिकवायचं ते ठरवायचंय, त्यासाठी त्याला रोज मुलाच्या हाताकडे बघावं लागतं. टकळीवरचं सूत तुटतंय की नाही, हे विचारायला प्रश्नपत्रिका लागत नाही.

कोण कोणास म्हणाले?

आता स्वातंत्र्यानंतर. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत चांदा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९५६ मध्येच सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क घातलं, की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी. ही तरतूद मनात ठेवा, परत लागणार आहे.

१९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली. पाठ्यपुस्तकं स्वस्त झाली, सगळीकडे पोचली, हे फार मोठं काम. आणि प्रत्येक धड्याखाली आला स्वाध्याय. एका वाक्यात उत्तरे लिहा. रिकाम्या जागा भरा. जोड्या लावा. कोण कोणास म्हणाले? हे वाचताना तुमच्यातले अर्धे लोक मनातल्या मनात चौथीच्या वर्गात जाऊन बसले असतील.

पण जरा या प्रश्नांकडे भामरागडच्या किंवा एटापल्लीच्या वर्गातून बघू. समजा, घरी माडिया बोलणारी एक मुलगी आहे. ‘रिकाम्या जागा भरा’मधलं वाक्य धड्यात जसंच्या तसं असतं. ती अक्षरं ओळखते. वाक्य शोधते, सुटलेला शब्द बघून उतरवते. उत्तर बरोबर! पाचपैकी पाच. आणि धडा कशाबद्दल होता, हे तिला माहीत नाही.

आता उलटं बघा. त्याच मुलीला पाऊस, धान, मोह, प्राण्यांचे माग यांतलं पुष्कळ कळतं. परिसर अभ्यासाच्या तासाला बाई विचारतात, आणि ती गप्प. कारण उत्तर मराठीत द्यायचंय. गोंडी-माडियात नामांची विभागणी वेगळी. पुरुषवाचक नामं एका गटात, बाकी सगळी दुसऱ्या गटात. मराठीतलं तो-ती-ते तिला नव्याने शिकावं लागतं. ती धीर करून बोलली आणि ‘ती’च्या जागी ‘ते’ म्हणाली, की वर्ग हसतो. पुढच्या वेळी ती तोंड उघडत नाही. नोंदवहीत काय येतं? ‘प्रतिसाद देत नाही.’

झाडीबोलीच्या मुलाचंही तेच. त्याच्या बोलीत ण नाही, ळ नाही. तो ‘पानी’ म्हणतो, ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणतो. पाण्याच्या चक्राचं उत्तर त्याने बरोबर सांगितलं, तरी वहीवर लाल गोल पडतो तो ‘पानी’भोवती. विज्ञान तपासायचं होतं, तपासलं गेलं शुद्धलेखन.

म्हणजे तपासणी दोन्ही बाजूंनी फसते. न समजलेलं बरोबर दिसतं आणि समजलेलं चूक दिसतं. दोन्ही वेळा शिक्षकाला खोटी बातमी मिळते, आणि त्या बातमीवर तो उद्याचा धडा ठरवतो.

लोक बिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये हेमलकशाला सुरू झाला, तिथली शाळा १९७६ मध्ये. पुढे तिथे माडिया भाषेतली पुस्तकं तयार झाली. १९७० च्या दशकात सरकारी आश्रमशाळांचं जाळं विणलं गेलं. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. शाळा दूरवर पोचल्या. पण भाषेची भिंत बहुतेक ठिकाणी होती तिथेच राहिली.

आठ साधनं आणि एक रजिस्टर

१९९५ च्या प्राथमिक अभ्यासक्रमात ‘क्षमता’ आल्या. मूल काय पाठ म्हणतं यापेक्षा मूल काय करू शकतं ते बघा, असा त्यामागचा विचार. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं.

कागदावर ही पद्धत खरंच चांगली होती. आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकता शिकता करायचं, त्याची आठ साधनं दिली होती. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, वर्गकार्य किंवा स्वाध्याय, आणि इतर. या ‘इतर’मध्ये मुलाने स्वतःचं आणि सोबत्याचं मूल्यमापन करणंही होतं. पहिली-दुसरीत ७० गुण आकारिकला आणि फक्त ३० सत्र परीक्षेला. सातवी-आठवीत ४० आणि ६०. म्हणजे लहान मुलाच्या बाबतीत कागदी परीक्षेपेक्षा शिक्षकाच्या डोळ्यांना जास्त वजन दिलं गेलं.

मग झालं काय? प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायची होती. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यात पोषण आहाराचा हिशेब. थोड्याच दिवसांत तयार वर्णनात्मक नोंदी बाजारात आल्या, मोबाइलवर फिरू लागल्या. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘परिसरातील घटकांची माहिती सांगतो.’ उतरवून घ्या आणि रजिस्टर भरा. १८६२ मध्ये इंग्लंडच्या पोरांनी साहेबासाठी पुस्तक पाठ केलं होतं. आता गुरुजींनी साहेबासाठी नोंदी उतरवल्या. यात गुरुजींचा दोष काढणं सोपं आहे. पण रजिस्टर बघायला जितक्या वेळा कोणी आलं, तितक्या वेळा मुलांशी बोलायला कोणी आलं का, हाही प्रश्न विचारायला हवा.

आता ते ३५०-क आठवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही दोन गोष्टी एकत्रच आहेत. एक, मुलाच्या समजेचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. आणि दुसरी, शक्य तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा. पहिलीसाठी शासन निर्णय, प्रशिक्षणं, रजिस्टरं, सगळं आलं. दुसरी गोंडी मुलांच्या बाबतीत मागे पडली. २०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार, आणि गडचिरोलीच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे ३८.७ टक्के. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर मान्यता नाही म्हणून शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आधी मूल कोणत्या भाषेत विचार करतं ते ठरवा, मग त्याला समजलं का ते विचारा. एवढा साधा क्रम आहे.

सत्तर पानांचा पुडा

मग वर्गात करायचं काय? इथे जगभरातल्या दोन गोष्टी उपयोगी पडतात.

१९९८ मध्ये लंडनच्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी शेकडो संशोधनं चाळून एक निष्कर्ष काढला. शिकताना केलेल्या तपासणीचा फायदा होतो, पण तिच्यावरून शिक्षकाने पुढचं शिकवणं बदललं तरच. नुसत्या नोंदीचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट ब्राझीलच्या रेसिफे शहरातली, १९८५ ची. बाजारात नारळ वगैरे विकणाऱ्या शाळकरी मुलांचं गणित संशोधकांनी तपासलं. गिऱ्हाईक बनून हिशेब विचारला तेव्हा सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर. तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा सुमारे ३७ टक्के. मुलं तीच, आकडे तेच!

आता गडचिरोलीत या. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. पोरं आईबापांबरोबर पानं तोडतात, घरी बसून पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर जमा करतात. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा. फळ्यावर ‘७० × ६’ लिहिलं तर हात वर जाणार नाही अशा मुलाला विचारा, ‘सहा पुड्यांना पानं किती लागतील?’ कदाचित तो उत्तर देईल, कदाचित नाही. पण कुठे अडलंय ते तुम्हाला कळेल. गुणाकार येत नाही, की फळ्यावरची खूण ओळखीची नाही? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. आणि उत्तर आलं म्हणून थांबायचंही नाही. त्या पुड्यापासून फळ्यावरच्या खुणेपर्यंत त्याला आणायचं, ते खरं शिकवणं.

बाकीचे उपाय तर आपल्या घरचेच आहेत. पाटी घ्या. ‘उत्तर लिहा, पाटी उलटी धरा, आता सगळ्यांनी वर करा.’ दहा सेकंदांत तीस उत्तरं दिसतात, एका हुशार मुलाच्या आवाजामागे बाकीचे लपत नाहीत. खर्च शून्य. परदेशात आता हेच काम छोट्या पांढऱ्या फळ्यांवर करतात.

दुसरा उपाय, ‘आधी शेजाऱ्याला तुझ्या भाषेत सांग.’ दोन मिनिटं वर्गात गोंडी, झाडीबोली, तेलुगू, काय हवं ते चालू द्या. मग दोघांपैकी जो मराठी बोलतो त्याने सांगावं. मद्रासची ती जुनी रीतच, पण पाठांतराऐवजी समज तपासायला. तिसरा, चित्र काढायला सांगा किंवा करून दाखवायला सांगा. चौथा, तास संपताना चिठ्ठी. आज काय कळलं आणि काय अडलं, एक-एक ओळ, कुठल्याही भाषेत, नाव नसलं तरी चालेल. आणि पाचवा, चुकलेलं उत्तर फळ्यावर लिहून विचारायचं, ‘असं का वाटलं असेल?’ हसायचं नाही, हा नियम गुरुजींनी आधी स्वतः पाळायचा.

यातल्या एकाचीही नोंद रजिस्टरमध्ये नाही झाली तरी चालेल. दुसऱ्या दिवशीचा धडा बदलला की झालं.

शेवटी

२०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. नापास झालं तर पुन्हा एक संधी, तीही गेली तर त्याच वर्गात. म्हणजे तपासणीचं वजन पुन्हा मुलाच्या पाठीवर. यावर मतं दोन्हीकडची आहेत. परीक्षा नाही म्हणून मुलं न शिकताच वर सरकली, हे पालकांचं म्हणणंही खोटं नाही. पण या दोन जिल्ह्यांचा इतिहास बघितला तर नापास होणारं मूल नेमकं कशात नापास झालं, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गणितात की मराठीत? त्याने शिकलं नाही, की आपण त्याला कळेल असं विचारलं नाही?

तुमच्यात शिक्षक बरेच आहेत, हे मला तुमच्या पत्रांवरून माहीत आहे. ‘समजलं का?’ न विचारता तुम्ही कसं ओळखता, ते नक्की कळवा. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे असाल तर त्या वर्गातले, त्या भाषेतले अनुभव लिहा, आपण एका भागात ते वाचू.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.